धुतलेली माती

डाग कशाचा आहे हे कळल्याशिवाय कपड्याला पाणी लावायचं नाही, हा नीळमावशीचा नियम. सून नवी नवी लाँड्रीत उभी राहायला लागली तेव्हा मावशीनं तिला सगळ्यात आधी हेच शिकवलं. चहाचा डाग वेगळा, गंजाचा वेगळा, तेलकट वेगळा. रक्ताच्या डागाला गरम पाणी लावलंस तर तो कपडा फाटेपर्यंत तुझं नाव घेत राहील. आधी बघ, वास घे, बोटानं चाचपून पाहा आणि मगच हात घाल.

मावशीचं खरं नाव गल्लीत कुणाच्या लक्षात नव्हतं. पांढऱ्या कपड्याला नीळ द्यावी ती तिनंच. बादलीतलं पाणी ओंजळीत घेऊन उजेडाला धरायची, डोळे बारीक करायची आणि म्हणायची, "अजून चिमूटभर." दवाखान्याच्या चादरी, खानावळीचे टेबलक्लॉथ, बँडवाल्यांचे पांढरे कोट, सगळे तिच्या हातून असे निघायचे की परत वापरायला घेणाऱ्याला जिवावर यावं. नवरा गेल्यावरही तिनं दुकानाचं शटर एक दिवस जास्त खाली ठेवलं नाही. मुलगा वाढवला, त्याचं लग्न केलं, आणि हे सगळं त्या निळ्या पाण्यातूनच केलं.

मग हातांनी दगा दिला. आधी बोटांच्या पेरांना भेगा पडल्या, मग तळव्यांची सालं निघायला लागली, मग रात्रीची खाज. कातडीच्या डॉक्टरीणबाईंनी हात उलटेपालटे करून पाहिले आणि म्हणाल्या, "आता पाण्याचं काम बंद. साबण नको, सोडा नको."

"नीळ?"

"नीळसुद्धा नको."

"मग मी करू काय?"

"आराम करा की!"

कुणी शिवी हासडावी तसं तोंड करून मावशी बाहेर आली.

घरात तिच्यावाचून काही अडलं नाही, आणि दुखणं ते हेच. मुलानं मोठी यंत्रं आणलेलीच होती. सून गिऱ्हाइकांशी गोड बोलायची आणि हिशेबाला चोख होती. मावशी हातात सुती मोजे घालून काउंटरमागे घड्या घालायला बसायची. एकदा ती चहा टाकायला आत गेली आणि परत येताना दारातच थबकली. तिनं घातलेली चादरीची घडी सून उलगडून पुन्हा घालत होती. मोज्यांमुळे काठाला काठ लागला नसणार. सुनेनं तोंडातून अक्षर काढलं नाही, उलट सासूची पाठ वळायची वाट पाहिली, म्हणजे मन राखण्यासाठीच. पण मावशीला वाटलं, या पोरीनं तोंडावर सांगितलं असतं तर बरं झालं असतं. चुकलेली घडी परत घालता येते. उगीच बसवून ठेवलेल्या माणसाचं काय करायचं?

त्याच आठवड्यात मुलानं परसाचा विषय काढला.

लाँड्रीच्या मागे धुण्याची खोली, आणि तिच्या मागच्या दारातून दोन पायऱ्या उतरलं की परस. तीन बाजूंना भिंत, मध्ये एखाद्या मोठ्या खोलीएवढी उघडी जमीन. पूर्वी तिथे दोऱ्या बांधून कपडे वाळत घालायचे. आता ते गच्चीवर जात. धुण्याचं पाणी मात्र खोलीच्या कोपऱ्यातल्या भोकातून परसात उतरायचं आणि जिरेल तिथे जिरायचं. तशीच पद्धत पडून गेली होती. जमीन राखाडी, वर कुठे कुठे पांढरी खरपूड, आणि चाललं की पायाखाली कुरकुर वाजायची.

"तिथे शेड टाकू," मुलगा जेवता जेवता म्हणाला. "वाफेवरचा प्रेस बसेल. खाली काँक्रीट मारलं की झालं."

"ती जागा मला दे," मावशी म्हणाली.

मुलाचा घास हातातच राहिला. "तुला? कशाला?"

"भाजी लावीन. पालक, मुळे, टोमॅटो. घरापुरती तरी निघेल."

"आई, तिथे गवतसुद्धा उगवत नाही गं."

"गवत लावतंय कोण?"

सून हसली, मुलगाही हसला. पण आईचा चेहरा पाहून त्याचं हसू अर्ध्यावरच राहिलं. "बरं," तो म्हणाला, "थंडी सरेपर्यंत जागा तुझी. तोवर हिरवं काही दिसलं तर शेडचं दुसरीकडे बघू. नाही दिसलं, तर मात्र मी गवंड्याला बोलावणार."

दुसऱ्या दिवशी रबरी हातमोजे चढवून मावशी परसात उतरली. तिच्या लेखी ती जमीन म्हणजे मळलेलं कापड होतं, वर्षानुवर्षं कुणी हात न लावलेलं. तिनं कुदळ मारून ढेकळं फोडली आणि वाळू चाळायची जाळी भिंतीला तिरकी लावून सगळी माती तिच्यातून काढली. दगड निघाले, बटणं निघाली, पँटचा एक जुना हुक निघाला, आणि निघाली कुजकी मुळं, पानं, काड्या. भिंतीकडेच्या कोपऱ्यात, जिथे धुण्याचं पाणी पोचत नसे, तिथे चार-दोन गांडुळंही होती. "ई, किडे!" म्हणत तिनं तीही सुपात भरली आणि काडीकचऱ्यासकट भिंतीपलीकडे झटकली.

पलीकडे वहिनी राहायच्या. त्यांनी भिंतीवरून डोकं काढलं. "मावशी, माझ्या अंगणात काय टाकताय?"

"कचरा आहे हो, पानंबिनं. तुमच्याकडे असतोच ना ढीग!"

वहिनींनी परसात नजर टाकली आणि त्यांचा आवाजच बदलला. माती मैद्यासारखी बारीक झाली होती, वाफ्यांच्या कडा दोरी लावून सरळ केल्या होत्या, खडा म्हणून सापडत नव्हता. "अगं बाई! आता एक इस्त्री फिरवा की झालं."

मावशीला ते कौतुक वाटलं. कितीतरी दिवसांनी कुणी तिच्या कामाकडे बघून असं काही बोललं होतं.

धुऊन झालं की कापडाला खळ, नीळ काहीतरी द्यावं लागतं. तसं मातीला खत द्यायला हवं, एवढं तिला ठाऊक होतं. राखेनं झाडं चांगली येतात असं तिनं कितीदा ऐकलं होतं. जाड चादरींसाठी त्यांच्याकडे अजून कोळशाची इस्त्री होती आणि तिच्या राखेची पोती धुण्याच्या खोलीत पडून होती. लहानपणी आजी राखेच्या पाण्यात कपडे भिजत घालायची, काय लख्ख निघायचे! मावशीनं हात आखडता घेतला नाही. पोतीच्या पोती ओतली, दंताळ्यानं सारखी केली आणि बी पेरलं.

बी उगवलं. ते पहिले काही दिवस मावशीच्या चालण्यात जुनी लगबग परत आली होती. उठल्या उठल्या मागचं दार उघडायची, पायरीवर बसायची आणि केसाएवढ्या कोंबांकडे बघत चहा प्यायची. मुलालासुद्धा हाताला धरून दाखवायला नेलं. "आहे बुवा," तो म्हणाला, आणि डोकं खाजवत शेडची मापं काढलेला कागद त्यानं खिशात घातला.

मग पानांच्या कडा करपल्या. मधला भाग पिवळा आणि कडेला इस्त्रीनं भाजावं तसा तपकिरी पट्टा. मावशीला वाटलं, तहानली असतील. तिनं पाणी वाढवलं. पाणी वाफ्यात तसंच उभं राहिलं, मेणकापडावर सांडल्यासारखं. संध्याकाळ झाली तरी त्यात आकाश दिसत होतं.

"आई, तळं झालंय," सून दारातून म्हणाली. "बदकं आणू का दोन?"

मावशी हसली नाही. पाणी आटल्यावर वर पापुद्रा धरला, पापुद्र्याला भेगा गेल्या, आणि भेगांमध्ये टोमॅटोची रोपं आडवी झाली. त्यातली एक भेग तिनं बोटानं चाचपली. मोज्याच्या आतलं बोट आणि बाहेरची माती, दोघांची कातडी एकसारखीच फुटलेली. थंडीचा जोर ओसरायला लागला होता. मुलाचा तो मापांचा कागद पुन्हा काउंटरवर दिसायला लागला, नाण्यांच्या डब्याखाली दाबलेला.

शेवटी मावशीनं रुमालात मूठभर माती बांधली आणि बाजारामागच्या रोपवाटिकेत गेली. रोपं विकणारी बाई वयानं सुनेएवढी, शेतीच्या कॉलेजात शिकलेली. तिनं तळहातावर माती घेतली, वर दोन थेंब पाणी टाकलं आणि अंगठ्यानं चोळली.

"मावशी, ही माती कुठली?"

"घरामागची. का?"

"हात लावून पाहा. बुळबुळीत लागतेय ना? जशी काही साबणाची वडी."

तिनं आतून व्हिनेगरची बाटली आणली आणि थोडं मातीवर ओतलं. माती फसफसली. मावशीनं उभ्या जन्मात सोड्याला फसफसताना शेकडो वेळा पाहिलं होतं. तिनं पदर तोंडाला लावला.

"घरी धंदा कसला आहे तुमचा?" बाईनं विचारलं.

"लाँड्री."

"आणि धुण्याचं पाणी?"

"परसातच की. पहिल्यापासून."

"मग झालं! वर खत काय घातलंत?"

"राख."

त्या बाईनं कपाळाला हात लावला. "अहो, सोडा काय आणि राख काय, एका माळेचे मणी. आधीच सोड्यानं चोपण, म्हणजे पाणी न जिरणारी घट्ट चिकट झालेली जमीन, तिच्यात तुम्ही राख ओतलीत! म्हणजे आगीतून काढून फुफाट्यात टाकलंत तिला."

मग तिनं सगळं विचारून घेतलं. चाळलं म्हणजे काय काय काढलं? पानं काढली? मुळं काढली? गांडुळंसुद्धा? प्रत्येक होकाराबरोबर मावशीचा आवाज लहान होत गेला. बाई रागावली नाही. ती म्हणाली, "मावशी, मातीत घाण म्हणून जे दिसतं ना, ते तिचं जेवण असतं. तुम्ही जेवण काढून घेतलंत आणि ताट घासून ठेवलंत."

मावशीला वाटलं, जमीन दुभंगावी. पण ती जमीन दुभंगून आत घेईल इतकी मऊ तरी कुठे होती? डाग कशाचा हे पाहिल्याशिवाय पाणी लावायचं नाही. सुनेला शिकवलेला नियम, आणि स्वतः एवढं मोठं कापड न बघता बुचकळून बसली.

"आता काही होणार नाही का हिचं?"

"होईल. वेळ लागेल. जिप्सम घालायचं. ते सोड्याला मातीपासून सोडवतं. मग भरपूर स्वच्छ पाणी द्यायचं, की सुटलेला सोडा खाली वाहून जाईल. मग पालापाचोळा, सालं, शेणखत. एका हंगामात नाही हो, दोन-तीन तरी धरा."

हे मात्र मावशीला पटकन कळलं. आधी डाग सैल करायचा, मग खळखळून काढायचा. "म्हणजे धुवायचीच," ती म्हणाली.

"धुवायचीच. पण वरचं लाँड्रीचं पाणी आधी थांबवा. ते येत राहिलं तर हे सगळं पालथ्या घड्यावर पाणी."

मावशी घरी आली ती थेट धुण्याच्या खोलीत. कोपऱ्यातल्या भोकातून फेसाळ पाणी परसात उतरत होतं, शांतपणे, रोजच्यासारखं. ती आपल्या रोपांवरून हात फिरवत होती तेव्हाही ते असंच उतरत असणार. दुखणं रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात ते हेच.

रात्रीच्या जेवणाला तिनं विषय काढला. "हे पाणी गल्लीतल्या गटाराला जोडून घे."

"कसं?" मुलगा म्हणाला. "सगळी फरशी फोडावी लागेल. यंत्रं हलवावी लागतील. तोवर लाँड्री बंद. दवाखान्याच्या चादरींचं काय करू? त्यांना सांगू, आईचे मुळे येईपर्यंत उघड्या गाद्यांवर झोपा?"

"मुळ्यांचं नाही रे. ती जमीन..."

"काय झालंय जमिनीला?"

"आपणच मारलीय ती."

"आई, त्याच पाण्यावर हे घर चाललंय. तूच चालवलंस." तो चिडून बोलला, पण त्यात खोटं काही नव्हतं. मावशीच्या ताटातला भात गार झाला. सुनेनं दोघांकडे पाहिलं आणि अगदी प्रेमानं म्हणाली, "तुम्ही कशाला एवढा त्रास करून घेता? बसा ना जरा निवांत."

तो निवांत शब्द मावशीला रात्रभर टोचत राहिला.

थंडी सरली. परसात हिरवं काही नव्हतं, आणि बोली म्हणजे बोली. मावशीनं स्वतःच वाफ्यांच्या दोऱ्या सोडल्या आणि गुंडाळून खुंटीला लावल्या. गवंडी आला. डोक्याला फडकं बांधलेला, सगळ्यांना भाच्यासारखं वागवणारा, आणि सगळे त्याला मामाच म्हणत. मुलानं खडूनं शेडच्या रेघा मारून दिल्या. मामानं पहिल्या कोपऱ्यात पहार मारली, ती वरचा टणक पापुद्रा फोडून एकदम निम्मी आत गेली. त्यानं ती उपसली आणि टोक नाकाशी नेलं. खाली काळा, बुळबुळीत चिखल होता.

"भाचेबुवा, हे काय जोपासून ठेवलंय?"

"का? काय झालं?"

"इथे पाया घालायचा म्हणजे दह्यात खांब रोवायचा. तुमचा तो प्रेस वजनाला केवढा?"

मुलानं सांगितलं.

"दोन वर्षांत तो प्रेस नमस्कार घालायला लागेल. आणि ही घराची भिंत बघा." मामानं मागच्या भिंतीच्या पायाशी बोट नेलं. तिथे एक केसाएवढी चीर वर चढत गेली होती. रोज चहाला तिथे बसणाऱ्या मावशीला ती कधी दिसली नव्हती. तिची नजर कोंबांवर असायची. "आधी हे पाणी बंद करा. गल्लीतल्या गटाराला जोडा. मग मला बोलवा."

मुलगा खाली बसला. चिरेवरून नख फिरवलं. मग उठून एकच विचारलं, "फरशी फोडायला कधी येता?"

पायरीवर उभ्या असलेल्या मावशीनं ते ऐकलं. यंत्रं हलवण्याचं काय, चादरींचं काय, यातलं एकही अक्षर निघालं नाही. तेच वाक्य, तेच गटार. तिनं सांगितलं तेव्हा मुळ्यांची थट्टा झाली होती. सून तिच्या शेजारीच उभी होती. तिनं सासूकडे पाहिलं आणि मग खाली, स्वतःच्या पायांकडे.

मावशी पायरी उतरून पुढे आली आणि म्हणाली, "मामा, शेड भिंतीला टेकवू नका."

"नाही टेकवत. हवा खेळायला पट्टा सोडायलाच लागतो."

"तो पट्टा माझा. काँक्रीट नको त्याच्यावर."

मामानं मुलाकडे पाहिलं. मुलगा आईकडे बघत नव्हता. "घे," तो म्हणाला. मग खडू खिशात टाकत म्हणाला, "पलीकडच्या वहिनींच्या भिंतीकडचा घे. ऊन तिथे जास्त येतं."

फरशी फुटली, गटारापर्यंत पाइप बसला, लाँड्री काही दिवस बंद राहिली आणि कुणीही उघड्या गादीवर झोपलं नाही. ओली जागा वाळल्यावर शेडही उभी राहिली. परसाचं आता काही उरलं नाही, उरला तो पट्टा, दोन चादरी लांबीत अंथरल्या तर झाकला जाईल एवढा. प्रेस दिवसभर फुसफुसत असतो आणि त्याची गरम हवा नेमकी त्याच बाजूला येते. तिथे काही येईल की नाही, मावशीला खात्री नाही. रोपवाटिकेतल्या बाईलाही नाही.

मावशीनं जिप्सम घातलं, कुदळीनं मिसळलं. मग भिंतीवरून हाक मारली, "वहिनी, तुमचा पालापाचोळा द्या."

"आधी माझ्याकडे टाकत होतात, आता मागता?"

"तेव्हा अक्कल नव्हती हो. आणि माती उकरताना गांडूळ दिसलं तर तेही द्या. माझीच असतील."

वहिनी हसत सुटल्या, पण पाटीभर कुजलेली पानं भिंतीवरून आली. मावशीनं ती न चाळता पसरली. एक काडी वाकडी दिसत होती. सवयीनं हात गेला, तो तिनं मागे घेतला.

यंत्रं सुरू होण्याआधीचं नळाचं पाणी आता पट्ट्यासाठी असतं. हे कुणी ठरवलं ते मावशीला ठाऊक नाही; एके दिवशी दाराशी भरलेली बादली दिसली, एवढंच. ती ओतायची आणि पायरीवर बसून बघायची.

अशीच ती बसली होती, तेव्हा सून ओलं फडकं वाळत घालायला आली. "आई, काय बघताय?"

"पाणी कुठे जातंय ते."

सूनही उकिडवी बसली. भिंतीच्या कोपऱ्यातलं पाणी हळूहळू खाली उतरत होतं, मधूनच एखादा बुडबुडा येत होता. पण शेडकडच्या अर्ध्या भागात ते तसंच उभं होतं, मेणकापडावरच्यासारखं.

"इकडचं नाही गेलं," सून म्हणाली.

"नाही गेलं."

"मग आता?"

"आता परत. पहिल्या पाण्यात निघेल तो डाग कसला?"

मावशी बादलीकडे वळली. सुनेनं तिच्या आधी कडी धरली. "तुम्ही पाण्यात हात नका घालू," ती म्हणाली आणि बादली उचलून कडेशी उभी राहिली, कुठून ओतायचं ते विचारल्यासारखी सासूकडे बघत.

मावशीनं कोपरा दाखवला. "तिथून. आणि हळू ओत. खड्डे पडतील."